तुळसाबाईचा खळीचा दोरा

आमच्या तांडापेठेत कुरोड्यांचा, म्हणजे कुरडयांचा, गहू कधी भिजवायचा ते पंचांग सांगत नाही, तुळसाबाई सांगते. मधलं एक साल सोडून. त्या साली तिचं आभाळ फसलं, आणि ते माझ्यामुळे फसलं. मी चौथी शिकलेली, जोडाक्षरं चुकली तर वाचणाऱ्याने आपली सुधारून घ्यावी. हकीकत मात्र खरी आहे.

तुळसाबाईची आणि माझी एकच भिंत. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे आणि ते रोज आठवण करून देते. तिच्या बापाचे घरी दोन हातमाग होते. तेव्हा दिवस उगवायच्या आधी गल्लीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या सुतांचा ताणा लावत आणि त्याला भाताची खळ देत. हवेत ओल असली की खळ वाळत नाही, सूत सुताला चिकटून बसतं आणि आठ दिवसांची मेहनत वाया जाते. म्हणून बाप पोरीला आधी बाहेर धाडायचा, "तुळसे, हवा पाहून ये." ती सुताला बोट लावून सांगायची. माग गेले, पोरं दुसऱ्या कामाला लागली, पण तिच्या बोटातली हवा काही गेली नाही.

तिच्या दाराच्या चौकटीला बाहेरून हातभर सुताची लड टांगलेली असते. दर दसऱ्याला नवी, भाताच्या पेजेची खळ दिलेली. रोज सकाळी चहाच्या आधी ती लड चिमटीत धरून चोळते. कडक लागली तर हवा कोरडी. नरम पडली तर ओल येऊन राहिली. मग वारा कुठून आहे ते पाहते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करते. तिला लिहिता येत नाही. कडक दोऱ्याची उभी रेघ, नरम दोऱ्याचं वेटोळं, पाऊस आला की टिंब. सतरा सालांची कॅलेंडरं एकाच खिळ्याला आहेत. त्यातूनच तिने नेम काढला: माघ-फाल्गुनात उगवतीचा वारा सुटला आणि दोरा ढिला पडला, की तो दिवस धरून चौथ्या दिवशी आभाळ फुटतं.

आता कोणी म्हणेल, एवढं कशाला? ऊन दिसलं की कुरोड्या टाकाव्या. तसं होत नाही ना बाप्पा! गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावं लागतं. मग वाटायचा, पिळून चीक काढायचा, रातभर निवू द्यायचा, सकाळी शिजवायचा आणि गरम गरम साच्यातून खाटेवर पाडायचा. वर दोन दिवसांचं कडक ऊन. म्हणजे आज गहू भिजवणाऱ्या बाईला आजच्या उन्हाचा काही उपयोग नाही. तिला शनिवार-रविवारचं ऊन मंगळवारीच कळलं पाहिजे.

तर मागच्या साली माघात तुळसाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात. ती पाच दिवस घरी नव्हती. मी म्हटलं, शेजारधर्म करावा. तिचं घर झाडलं, भांडी घासली, पडदे धुतले. चौकटीला ते मळकट सूत दिसलं. बाईचं सगळं घर चकचकीत आणि दारात हे चिंधूक! सोड्याच्या पाण्यात चांगलं खळबळून धुतलं आणि पांढरंफेक करून पुन्हा टांगलं.

तुळसाबाई घरी आली. दोरा पाहावा तेव्हा नरम. डोळ्यावर तो काळा चष्मा, त्यातून आभाळ पाहावं तर दिवसभर ढगाळ. तिने गल्लीभर सांगितलं, "भिजवू नोका वं कोणी, लय ओल हाय." अकरा दिवस बाया थांबल्या. अकरा दिवस टाळू तापेल असं ऊन पडलं. बाराव्या दिवशी कंटाळून सगळ्यांनी गहू भिजवला आणि कुरोड्या टाकायच्या दिवशीच पाणी आलं. गल्लीतल्या बाराही घरचा चीक आंबला. त्या दिवसापासून गल्लीत कोणी थाप मारली की म्हणायचे, "हे तुळसाबाईचं आभाळ हाय."

तिने कॅलेंडरांचा गठ्ठा उतरवून पलंगाखाली टाकला. दसरा आला, गेला, नवा दोरा लावला नाही. मला तोवर आपण काय केलं ते कळलं होतं. पण सांगायची हिंमत? रोज तिच्याकडचा चहा पीत होते आणि गप होते.

यंदा फाल्गुन लागला आणि समोरच्या घरातल्या उत्तराची पोरगी मिनल, तिचं लग्न ठरलं. मुलाचं गाव नरखेड तालुक्यातलं, संत्र्याचे बगीचे आहेत. लग्न पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. कापडचोपड आणि पत्रिकांच्या धांदलीत रुखवताच्या कुरोड्या राहून गेल्या. आणि मिनलचा मोबाइल म्हणे शुक्रवार-शनिवार पाऊस.

उत्तरा माझ्या दारात येऊन बसली. "मावशी, आता इतवारीच्या बाजारातून विकत आणते. काय करू?"

"विकतच्या कुरोड्या रुखवतात?" मी म्हटलं. "विहीणबाई पहिल्या घासातच ओळखते. तुळसाबाईले विचारलं काय?"

"काहून विचारू? आणखी एकदा आंबवाले?"

हे भिंतीपलीकडे ऐकू गेलं. तिकडे वाजत असलेली भांडी थांबली. मला राहवलं नाही. मी तशीच उठले, तुळसाबाईच्या चुलीपाशी गेले आणि एका दमात सांगून टाकलं. दोरा मी धुतला. सोड्यानं.

ती हातातली वाटी घेऊन माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "सोड्यानं धुतला? अनुसये, मले धुतलं असतं त चाललं असतं वं!"

"मळका दिसला म्हणून..."

"खळ होती ते, मळ नाही! सालभर मी माह्या बोटाले दोष देऊन राहिली. डॉक्टरले देऊन राहिली. आन् तू माहाच चहा पिऊन राहिली!"

मला वाटलं आता वाटी फेकते. पण तिचं तोंड आधी रागाने लाल झालं, मग पोट हलायला लागलं आणि मग अशी हसली की नव्या डोळ्यातून पाणी. हसून झाल्यावर उठली आणि भाताचं पातेलं चुलीवर ठेवलं. पेज काढली, नवं सूत खळवलं, चौकटीला टांगलं. पलंगाखालचा गठ्ठा माझ्याकडूनच काढवून घेतला. धूळही मीच झटकली.

हे रविवारी झालं. मंगळवारी सकाळी दोरा काडीसारखा कडक. तिने उत्तराला हाक मारली, "भिजव गहू. पुढचं पुढं सांगते. भिजवलेला गहू गाईले घालता येते, गेलेलं ऊन वापस आणता येत नाही." उत्तराने भिजवला, पण चेहरा असा की जणू गाईसाठीच भिजवला.

शुक्रवार उजाडला तो ढग घेऊन. उगवतीचा वारा सुटलेला. तुळसाबाईने दोरा धरला. मीही धरायला गेले तर माझा हात झटकला. दोरा ढिला होता.

उत्तरा गव्हाची बादली घेऊन दारात उभी. "घ्या! मोबाइलबी पाऊस म्हणते, तुमचा दोराबी पाऊसच म्हणते. फेकू काय आता?"

"दोरा पाऊस म्हणते," तुळसाबाई म्हणाली, "आज म्हणत नाही." आणि बोटांवर मोजलं, "शुक्र, शनि, रवि, सोम. सोमवारी येते. दोन दिवस ऊन हाय. गहू वाट."

"आन् नाही पडलं ऊन त?"

तुळसाबाईने आतून कॅलेंडरं आणली. गठ्ठा मिनलच्या मांडीवर ठेवला. "तू कॉलेजात शिकली ना? मोज. माघ-फाल्गुनातलं पहिलं वेटोळं कुठं, टिंब कुठं."

पोरगी अर्धा तास ओट्यावर बसून मोजत होती. बाया जमल्या. शेवटी मिनल म्हणाली, "आजी, सोळा सालांत तेरा वेळा बरोबर चौथ्या दिवशी. दोनदा पाचव्या. एकदा आलाच नाही. पण चौथ्याच्या आधी एकदाही नाही!" मग म्हणाली, "हे मागचं साल मात्र सगळंच वेटोळं..."

"ते मी धुतलेलं साल," मी म्हटलं. "ते सोड." गल्लीसमोर कबूल केलं. बाया आधी माझ्याकडे, मग तुळसाबाईकडे पाहायला लागल्या.

मिनल उठली. "आई, गहू वाट. लग्न माहं हाय, मी सांगते."

शनिवारी पहाटे आम्ही चौघी उत्तराच्या गच्चीवर. ढग होतेच. चीक शिजत होता, साचा दाबून माझं मनगट दुखायला लागलं, आणि उत्तरा दर कुरोडीमागे एकदा वर पाहत होती. तुळसाबाई मात्र खाटेपाशी बसून कुरोडीची तुटलेली शेव खात होती. आठाच्या सुमारास ढगाला भगदाड पडलं. नऊला ऊन. दहाला असं ऊन की आम्ही पदर डोक्यावर घेतले. मिनलने मोबाइल पाहिला आणि हसायलाच लागली, "आजी, याने तारीख बदलली! आता सोमवार म्हणते."

"त्याले खोडता येते," तुळसाबाई म्हणाली. "मी पेनानं खूण करते."

रविवारी तर त्याहून कडक. संध्याकाळी कुरोड्या हातात घेतल्या तर खडखड वाजत होत्या, काचेच्या बांगड्यांसारख्या. दोन डबे गच्च भरले. तेवढ्यात तुळसाबाईने गल्लीत फिरून सांगितलं, "उद्या दुपारी वाळवण, गाद्या, तिखट सगळं अंदर घ्या." या वेळी कोणी उलट विचारलं नाही. ज्यांच्या गच्चीवर मिरच्या होत्या त्या बाया पळाल्या.

सोमवारी तीन वाजता उगवतीकडून काळं आलं. पहिला थेंब पत्र्यावर वाजला आणि मग गारा, बोराएवढ्या, गल्लीभर उड्या मारत. सगळी गल्ली दारात उभी, आणि सगळ्यांची तोंडं आभाळाकडे नाही, तुळसाबाईच्या दाराकडे. कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. तुळसाबाई ओट्यावरून उतरली, गार उचलली आणि मिनलच्या तळहातावर ठेवली. "मोबाइलले दाखव," म्हणाली. मग आत जाऊन कॅलेंडरवर टिंब दिलं, एवढं मोठं की मंगळवारही झाकला.

गुरुवारी लग्नात विहीणबाईंनी तळलेली कुरोडी तोंडात टाकली आणि विचारलं, इतक्या पांढऱ्या कशा झाल्या? उत्तराने तुळसाबाईचा हात धरून तिला पुढे केलं.

आता सकाळी सात वाजता तिच्या ओट्यावर बाया उभ्या असतात. कोणी सरगुंड्यांच्या वाळवणाचं विचारते, कोणी पापडाचं. मी रोज चहाला जाते. दोऱ्याला हात लावायची मला अजून परवानगी नाही.