निकम काकांची दुनळी

निकम काका कामावर आले की आधी दुकानाकडे पाठ करून उभे राहायचे. उल्हासनगर कॅम्प एकमधलं सोन्याचं दुकान, त्याच्या दारात खांद्याला दुनळी बंदूक अडकवलेला हा फौजेतला माजी हवालदार, आणि नजर रस्त्यापलीकडे. उसाच्या रसाची गाडी, औषधांचं दुकान, क्लासला जायचा जिना, जिन्यावर बसलेल्या मुली. सगळं सावकाश बघून झालं की मग स्टूल ओढायचे. मी एकदा विचारलं, "काका, चोर तिकडून येणार का?" तर म्हणाले, "चोर समोरच येतोय, त्यो दिसतोच. त्याच्या मागं कोण हुबं हाय ते बघून ठिवायचं. गोळी काय नावगाव इचारून थांबत न्हाई."

बदलापूरच्या कुळगावात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. ते साताऱ्याकडचे. बंदूक त्यांची स्वतःची, परवाना त्यांच्या नावावर. सराफ अशा माणसांना बंदुकीसकट नोकरीला ठेवतात. मी विमा एजंट. त्यांच्या तोंडी माझं नावच 'इमावाले'. दसऱ्याला शेजारणी हळदकुंकू घेऊन बंदुकीची पूजा करायला यायच्या, तर हे नळी साफ करायचा गज पुढे करायचे. "ह्येला लावा. राबतोय ह्यो, आन् पूजा तिची!" निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची. तेवढे दिवस काका काठी घेऊन दारात, आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा. "काठी चुकून सुटत न्हाई, इमावाले."

बंदूक ते रिकामी ठेवत. काडतुसं शर्टाच्या खिशात. दुकानाच्या शेठना ते खुपायचं. एकदा मी हप्त्याचा चेक न्यायला गेलो होतो, तेव्हा माझ्यासमोरच म्हणाले, "अरे साईं, खाली बंदूक तो मेरे पोते के पास भी है. होली वाली!"

काउंटरवरची पोरं हसली. काका हसले नाहीत. "भरतो, शेठ. पन बाहेरच्या मानसाला लागली, तर त्याची जोखीम कुनाची? तेवढं सांगा."

शेठनी माझ्याकडे बोट केलं. "ये बैठा है ना. इसको पूछ."

रविवारी काका माझ्या घरी आले. "मला माझ्या हातापायाचा इमा नको. दुसऱ्याच्या हातापायाचा पायजे." असं मागणारं गिऱ्हाईक मला कधी भेटलं नव्हतं. अपघाताची पॉलिसी काढली असती तर ती त्यांच्यापुरतीच. दुकानाची होती ती चोरीची आणि आगीची. शेठची आणखी एक होती, दुकानापाशी बाहेरच्या कुणाला इजा झाली तर भरपाई देणारी. मीच काढून दिलेली. ती मी मागवून घेतली आणि वाचली. शस्त्र चालवल्यामुळे झालेली इजा यात धरलेली नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. कंपनीतल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, बंदुकीसाठी वेगळी जोड देता येईल का ते वर विचारावं लागेल. मालकानं अर्ज करायचा, मग चौकशी होईल, हप्ता वाढेल.

हे मी शेठना सांगितलं. "चौकशी? छोड ना," शेठ म्हणाले. "तू बोल दे उसको, हो गया. नहीं तो दूसरा एजंट बोल देगा." त्यांचं दुकान, गोदाम, गाड्या, घर, सगळ्यांचे विमे माझ्याकडे होते.

जिन्यात काका भेटले. मी म्हणालो, "काम झालं, काका. शेठच्या पॉलिसीत तुम्ही आलात."

"बंदुकीसकट?"

"बंदुकीसकट."

दुसऱ्या दिवसापासून दुनळी भरलेली असायची.

पुढे एका दुपारी दोघे जण कोयता घेऊन दुकानात शिरले. बांगड्यांचा ट्रे उचलून पळाले. शेठ आतून ओरडत होते, "चलाओ! चलाओ!" काकांनी रस्त्यापलीकडे पाहिलं, नळी खाली केली आणि रस्त्यावर बार टाकला. धाक बसावा, एवढंच. पण उभा जन्म त्यांना मातीत बार टाकायची सवय, आणि तो रस्ता नुकताच काँक्रीटचा झालेला. छर्रे उसळले. रसवाल्याच्या बायकोचा डावा डोळा गेला. चोर तर गेलेच.

बंदूक जप्त झाली, परवाना थांबवला. शेठनी पोलिसांना सांगितलं, "बंदूक उसकी, लाइसेंस उसका, हाथ उसका. मैंने थोड़े ही बोला था!" कंपनीनं हात वर केले. रसवाल्यानं काकांवर आणि दुकानावर भरपाईचा दावा लावला. निकाल लागायची वाट न बघता काकांनी घर विकून त्या बाईच्या ऑपरेशनचं केलं, आणि बदलापुरातच एका भाड्याच्या खोलीत गेले.

मी तिथं भेटायला गेलो. त्यांची मुलगी सुवर्णा स्टोव्हपाशी होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाबा, यांच्यावर तक्रार टाका. यांनीच सांगितलं होतं ना?"

काकांनी मला समोर बसवलं. "इमावाले, खरं सांगा. तुमी ते कागद वाचलं हुतं का?"

वाचले होते म्हणालो असतो, तर लबाड ठरलो असतो. शिवाय शेठचं नाव घ्यावं लागलं असतं. मी म्हणालो, "नाही काका. वाचायचे राहून गेले."

"आळशी मानूस," ते म्हणाले. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या. फौजंत मी बी न वाचता कैक सह्या ठोकल्यात. सुवर्णे, आळशावर केस करत न्हाईत. च्या टाक."

तो चहा मी प्यालो. साखर कमी आहे म्हणून वर मागूनही घेतली.

त्यानंतर काका कुठंही भेटले तरी आधी हाक तेच मारायचे. मला ते सोसायचं नाही. लांबून दिसले की मी गल्ली बदलायचो. गेल्या वर्षी ते वारले. दावा चालूच होता. आता वारस म्हणून दर तारखेला सुवर्णा जाते. शेठचा वकील अजून तेच म्हणतो, बंदूक त्याची, हात त्याचा.

मागच्या आठवड्यात सुवर्णा माझ्याकडे आली. अंबरनाथला एका लॅबमध्ये नोकरी करते. आईचा विमा काढायचा होता. म्हणाली, "बाबा म्हणायचे, इमावाले माणूस सरळ आहेत, फक्त वाचत नाहीत. म्हणून मीच सगळं वाचून आलेय. तुम्ही नुसती सही करा, काका."

मी सही केली. ती जिना उतरून गेली.

ते कागद मी वाचले होते. शेठनी मला काय सांगायला लावलं, हे शेठ सोडून फक्त मला ठाऊक आहे. पुढच्या तारखेला मी कोर्टात जाणार आहे आणि हे सगळं न्यायाधीशांसमोर सांगणार आहे. त्याआधी हे लिहिलेलं सुवर्णाच्या हातात देईन. ती वाचेपर्यंत तिच्या दारात उभा राहीन. ती आत बोलावणार नाही, आणि तेच बरोबर आहे.