महिन्याचे तीसही दिवस

माझ्या मायच्या उजव्या हाताचा अंगठा कायम काळपट असे. पानांचे देठ खुडता खुडता त्यांचा चीक नखात, पेरांच्या बारीक रेघांत असा मुरलेला, की राख लावा, चिंच लावा, दगडाने घासा... तो काही जात नसे. ओली माती, शेवरीची साल आणि पानाचा तिखट दरवळ, असा त्या अंगठ्याला एक वास होता. ताप आला की तोच माझ्या कपाळावर फिरे. आज या वयातही आजारी पडले की औषधाआधी मला तो वास आठवतो.

आम्ही बारी, पानवेलीची माणसे. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या पलीकडे आमचे गाव. वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. नागपूरहून आमच्याकडे साहेब येत आणि आमच्याकडून नागपूरला पाने जात, नांदुऱ्याच्या स्टेशनावरून, केळीच्या पानांत गुंडाळून, टोपल्याच्या टोपल्या. मला विचाराल तर या देवाणघेवाणीत नागपूरचाच फायदा होता! बाहेर वैशाखाचे ऊन डोके फोडत असताना, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, कुडाचे ठेंगणे दार लोटून, वाकून मळ्यात शिरले की एकदम हिरवी सावली... शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेलींच्या रांगांमागून रांगा, तळव्यांना गार माती, आणि सगळीकडे भरून राहिलेला तो वास. आत वहाण घालायची नाही, मोठ्याने बोलायचे नाही. मळा म्हणजे आमचे देऊळच, नागवेलीच्या नागोबाचे. आणि देवळासारखाच त्यालाही नियम होता — बाईने महिन्याचे चार दिवस त्या कुडाजवळही फिरकायचे नाही. विटाळाची सावली पडली की वेल जळते, म्हणत. म्हणत कसले, छातीठोकपणे सांगत.

मी दहा वर्षांची असताना, चैत्रात, वेल बांधता बांधता बाबा शिडीवरून पडले आणि कमरेतून गेले ते कायमचे. त्यांची बाज मायने दाराजवळ आणली, म्हणजे त्यांना मळ्याची वाट तरी दिसेल. त्यांची कूस बदलणे, अंग पुसणे, पेज भरवणे हे सारे ती करी, आणि करताना त्यांच्याशी भांडेही, जणू काही झालेच नाही.

पंधरा दिवसांत मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गावातली चार जाणती माणसे घेऊन अंगणात आले. मळा आपण ताब्यात घ्यायचा, हे ठरवूनच आले होते. माणूस वाईट नव्हता, तेही सांगून टाकते. तो नियम त्यांना खरोखरच खरा वाटे.

"बाईनं मळा कराचा म्हन्ते, मंग महिन्याचे चार दिवस पानी कोन देईन?" ते म्हणाले. "अन् चुकून इटाळाचा पाय पडला त समदा मळा जाईन."

माय भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, बोलत नसे. डोईवर पदर, तोंड भिंतीकडे, आणि जे सांगायचे ते माझ्यामार्फत, अशी आमच्या घरची रीत. त्याही दिवशी ती तशीच उभी राहिली आणि भिंतीला म्हणाली, "सांग वं तुह्या मोठ्या बाबाले, चार दिवस येल उपाशी राह्यते काय? मी तीसई दिवस जाईन."

मग कोणीतरी पुटपुटले, "नागोबा कोपन, बाई."

"सांग वं त्याईले," भिंतीकडून आवाज आला, "नागोबाची माय बी बाईच होती."

मी सांगितले. सगळ्यांनी ऐकलेले होते, तरी शब्दन् शब्द, ठणकावून सांगितले. आजही ते आठवले की अंगावर मूठभर मांस चढते.

नागपंचमीपर्यंतची मुदत ठरली. मळा हिरवा राहिला तर मायचा, वाळला तर मोठ्या बाबांचा. आणि आम्ही तिघे मग त्यांच्या दारी, त्यांच्या तुकड्यावर.

माय खरेच तीसही दिवस गेली. लपून नाही, भर गल्लीतून. विहिरीवरच्या बायका घागरी बाजूला ओढू लागल्या की ही उलट हसून सांगे, "आज दुसरा दिवस हाये माहा, नीट पाहून घ्या!" मला मेल्याहून मेल्यासारखे होई. पण वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, वेली तरारून आल्या, आणि मीही हळूहळू मान वर करून तिच्यामागून चालू लागले.

आषाढात मावळतीकडच्या कोपऱ्यात पहिले पिवळे पान मी पाहिले. दुसऱ्या दिवशी चार पाने, तिसऱ्या दिवशी वेलीच्या वेली माना टाकून... मी कुणाला काही बोलले नाही. का, तर मलाही वाटले — आता खोटे कशाला बोलू — मलाही वाटले की हे मायमुळेच झाले. त्या दोन दिवसांची लाज मी अजून बाळगून आहे.

गावाला कळायला कितीसा वेळ? कुडाबाहेर माणसे जमली, मोठे बाबा डोक्याला हात लावून बसले. मायने कुणाकडे पाहिले नाही. वाळलेली एक वेल तिने मुळापासून उकरली. मूळ काळे पडलेले, बुळबुळीत. मुळासकट तो चिखल पदरात घेऊन ती तडक घरी बाबांच्या बाजेशी गेली. बाबांनी चिखल हुंगला, बोटांत दाबून पाहिला.

"पानी किती देऊन राह्यली तू?"

"दोन्ही येळ."

"आखाडात? वरून पाऊस असताना? काऊन?"

माय पदरातला चिखल बोटाने निपटू लागली. मग मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेला शब्द ऐकला. "भेव वाटे मले," ती म्हणाली. "एखादा येल वाळला त..."

अख्ख्या गावाला अंगावर घेणारी माझी माय, त्या वेलींना भिऊन भिऊन पाणी पाजत होती! बाबांनी तिचा चिखलाचा हात तसाच धरून ठेवला.

ती परत मळ्याकडे गेली. या खेपेला तिने तोंड भिंतीकडे केले नाही, मलाही मध्ये घातले नाही. थेट मोठ्या बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"चूक माही हाये," ती म्हणाली. "पान्याची हाये, इटाळाची नाही. दोन रांगा माह्या भेवानं मेल्या. बाकीच्या हात लावून पाहा."

त्या दोन रांगा तिने स्वतः उपटून जाळल्या. चर खणले, साचलेले पाणी काढून दिले, मोट बंद ठेवली. नागपंचमीला मोठे बाबा अनवाणी आत आले, रांगेरांगेतून फिरले, शेवटी एक पान खुडून चुना-कात न लावताच चघळत राहिले. "रंगन हे पान," एवढेच म्हणाले आणि वाकून दाराबाहेर पडले. त्यानंतर मळ्याचा विषय त्यांनी काढला नाही.

आता तिथे मळा नाही. बाबांमागे, मायमागे विहीर आटत गेली, शेवरी तुटली. आता त्या जागी कुणाची तरी पऱ्हाटी उभी असते. गावातले म्हातारे अजून म्हणतात, त्या बाईच्या विटाळानेच मळा गेला. म्हणोत बापडे! विहिरीला कुठला आला विटाळ?

माय गेली तेव्हा मी तिशीत होते. निरोप मिळताच सासरहून बैलगाडीने आले, आणि तो नेमका माझा दुसरा दिवस होता. अंगणात तिला आंघोळ घालायची तयारी चाललेली. बायकांना कळले तसा एकच गलका उठला — "तू दूर राह्य, हात नको लावू, तिची गती अडन!"

मी घागर उचलली. "दुसरा दिवस हाये माहा," मी म्हणाले, "नीट पाहून घ्या."

कोणी पुढे आले नाही. मी तिचे केस धुतले, पाठ धुतली, पायांच्या भेगांतली माती काढली. मग उजवा हात हातात घेतला. बाकीची बोटे चोळून चोळून धुतली... अंगठा मात्र तसाच ठेवला.