पडतानाचा वारा

उसावर औषध फवारणारं हेलिकॉप्टर बघायला आम्ही बांधावर जमलो होतो. पायलटला हद्द कळावी म्हणून शेताच्या चारी कोपऱ्यांवर काठ्यांना पांढरी धोतरं बांधली होती. तिसऱ्या फेरीनंतर वळण्यासाठी ते उंच चढलं आणि इंजिनाचा आवाज एकदम गेला.

त्या शांततेइतकं भयंकर मी काही ऐकलेलं नाही. आता हे दगडासारखं कोसळणार! पण डोक्यावरचा पंखा फिरतच होता. हेलिकॉप्टर खाली येत होतं आणि खालून लागणारा वारा तो पंखा फिरवत होता. जे पडणं त्याला संपवायला निघालं होतं, तेच त्याला सावरतही होतं. शेजारच्या मोकळ्या रानात ते धपकन टेकलं, थोडं कललं आणि उभं राहिलं.

पंखा थांबल्यावर पायलट उतरला. शेताच्या मालकीणबाई, सुंदरकाकू, लगबगीनं पुढे झाल्या. त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून त्यांनी लांब टाकला. मग दुसरा तुकडा मोडला आणि हेलिकॉप्टरवरून ओवाळला.

"काकू, त्यानंच तर दगा दिला," कुणीतरी हसून म्हणालं.

"इंजिनानं दिला. पंख्यानं आणलं की माघारी!"

पायलटनं मान वर करून त्या पंख्याकडे पाहिलं.

आम्ही हेलिकॉप्टरला हात लावून बघायला पुढे सरसावलो, तशा काकू आडव्या आल्या.

"थांबा रे. जरा दम खाऊ द्या त्याला."

आणि आम्ही सगळे खरोखरच चार पावलं मागे सरलो.