बायकोचा श्वास आणि माझं बोलणं

मी भिक्षुकी करतो. अकोल्यात जठारपेठेत आमचं घर आहे आणि बायको प्राथमिक शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी घरच्याच एका होमात धूर दाटला, तशी ती उठून मागच्या दारात गेली. जाऊन पाहतो तर चौकट धरून उभी. श्वास आत ओढताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. पाच-सात मिनिटांत थांबलं. पुढे ते वरचेवर होऊ लागलं. कधी फोडणीच्या ठसक्याने, कधी वर्गात आवाज चढवल्यावर, कधी माझ्याशी वाद झाल्यावर.

इथल्या डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला, उपयोग झाला नाही. छातीचा फोटो, रक्त, सगळं चांगलं आलं. ते कागद बघून मला हायसं वाटलं. रिपोर्ट चांगले म्हणजे आजार नाही, असा सोपा अर्थ मी लावला. तिचा श्वास अडकला की म्हणायचो, "काहून घाबरून राहिली? काही झालं नाही तुले." एकदा तिच्या भावासमोर म्हणालो, "होमाच्याच दिवशी बरोबर होते हिले." मग होम असला की ती आदल्या दिवशीच माहेरी, भातकुलीला जायची. त्यालाही मी टाळाटाळच म्हटलं.

शेवटी भावानेच तिला अमरावतीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी नाइलाजाने सोबत गेलो. त्यांनी नाकातून बारीक नळीचा कॅमेरा घातला. स्क्रीनवर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या, मधे काळी फट.

"हे स्वरतंतू. श्वास घेताना ही फट उघडायला हवी," डॉक्टर म्हणाले.

उघडत होतीही. मग ती जरा कासावीस झाली आणि मी सवयीने बोललो, "काही झालं नाही तुले." श्वास आत जात असतानाच त्या पट्ट्या एकमेकींकडे सरकल्या. फट सुईएवढी उरली आणि खोलीत तोच शिट्टीचा आवाज आला.

"हे त्या मुद्दाम करत नाहीत," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पुढे दर गुरुवारी अमरावती. तिथल्या थेरपिस्ट बाईंनी कॅमेरा ठेवूनच तिला शिकवलं. नाकाने हुंगल्यासारखा श्वास घ्यायचा आणि ओठ आवळून, फुंकर घातल्यासारखा सोडायचा. असं केलं की पट्ट्या उघडतात, हे ती स्क्रीनवर स्वतः बघायची. मग कॅमेरा काढून, श्वासाबरोबर पोट हलतं का ते कळावं म्हणून नुसता पोटाला पट्टा बांधून सराव. मी बाहेर बाकावर बसायचो.

एकदा मी बाईंना विचारलं, "घरी असं झालं तर मी काय म्हणू?"

"त्यांनाच विचारा."

परतताना एसटीत विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी काही म्हणू नका. माझ्यासंगं हळूहळू श्वास सोडा, तेवढं पुरे."

मूर्तिजापूर येईपर्यंत मी शब्द जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "मी तुले खोटी समजत होतो."

"माहीत होतं मले."

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

आता त्रास क्वचित होतो, झालाच तर मिनिटभरात ती स्वतः आवरते. वर्गात पूर्ण तास बोलते. रोज सकाळी दहा मिनिटं पलंगावर बसून सराव करते. तेवढा वेळ मी त्या खोलीत जात नाही. माझ्या तोंडाचा मला अजून भरवसा वाटत नाही.