तोंडाला रंग लावून चाळीस वर्षं

डॉक्टर म्हणाले, "ताई, गुडघ्यात पाणी साचलंय."

मी म्हटलं, "पाणी नसेल ते. किस्से असतील!"

ते हसले नाहीत. बाहेर बरेच पेशंट बसले होते त्यांचे.

पण खरंच सांगते, किस्से कुणी जमवत नाही. फर्निचरवर धूळ बसते तसे ते आपोआप बसत जातात. नाटक संपतं, सेट टेम्पोत चढतो, पाठ केलेलं दोन महिन्यांत विसरायला होतं. कोण कुणाला काय म्हणालं, तेवढं मात्र डोक्यात राहतं. आमच्या ग्रुपमधले अर्धे लोक आता नाहीत. उरलेले अर्धे गोळ्यांच्या वेळा सांभाळतात. भेटलो की एकमेकांची शुगर विचारून होते, आणि मग कुणीतरी म्हणतं, "नले, तो पाचोडचा सांग ना!"

मग मी सांगते. कंटाळा आला असला तरी सांगते. तुम्ही आता बसलाच आहात, तर ऐका.

* * *

आमच्या घरात आजोबा क्लार्क, वडील क्लार्क, मग मीही सरकारी ऑफिसात क्लार्कच. नाटक ही दुसऱ्यांनी करायची आणि आपण पास मिळाला तर बघायची गोष्ट. पण ऑफिस सुटलं की मी सायकल मारत छावणी भागात जायची. तिथल्या एका शाळेचा वर्ग आम्हाला तालमीला मिळायचा. नाटक बसवायचे दिगंबर सर. ते दिवसा त्याच वर्गात भूगोल शिकवायचे. त्यामुळं तालमीतसुद्धा "प्रेक्षकांकडं बघ" असं कधी म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "दक्षिणेकडं तोंड कर!"

पहिल्या नाटकात मी मोलकरीण. वाक्य एकच. "बाईसाहेब, पाहुणे आले." महिनाभर पाठ केलं. भाजी चिरताना म्हणायची, फायली लावताना म्हणायची.

प्रयोगाला पाहुण्याचं काम करणारा गृहस्थ इतका घाबरला, की माझ्या आधीच आत शिरला. मी ट्रे घेऊन एन्ट्री घेतली तर हा सोफ्यावर बसून पाणी पितोय! विंगेत सरांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला.

मी म्हटलं, "बाईसाहेब, पाहुणे आले... आणि बसलेसुद्धा!"

थिएटर हसलं. मला वाटलं, आता सर फाडून खाणार. प्रयोगानंतर ते एवढंच म्हणाले, "पुढच्या नाटकात तुला जास्त वाक्यं देतो. नाहीतर तू स्वतःच घेशील!"

* * *

आमचे मेकअपमन हनीफभाई. चोविसाव्या वर्षी त्यांनी मला पहिल्यांदा म्हातारी केलं. दीड तास लागला. चेहऱ्यावर एकेक रेघ ओढायचे, लांबून बघायचे, परत जवळ यायचे. मला हसू यायचं.

"हसू नक्को बाई! सुरकुती टेढी हो जाती!"

प्रयोग संपला की खोबरेल तेलाचा बोळा फिरवून पाच मिनिटांत मला परत चोवीस वर्षांची करायचे. मी आरशात बघायची आणि सायकलवर टांग टाकून घरी.

मध्ये बरीच वर्षं गेली. तेच नाटक आम्ही पुन्हा काढलं. तीच म्हातारी, तीच मी. सवयीनं दीड तास आधी जाऊन बसले. हनीफभाईंनी पावडर लावली, केसांवर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला, डब्याचं झाकण लावलं. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"हनीफभाई, झालं पण? कंटाळलात का?"

"कंटाळा नै बाई," ते म्हणाले, "आधा मेकप तो ऊपरवालाच करके भेजा!"

मी खूप हसले. मग लक्षात आलं, ते हसत नव्हते. ब्रश धरलेला हात थरथरत होता, तो त्यांनी टॉवेलखाली घेतला.

* * *

आता पाचोड गावचा किस्सा. बाजाराचा दिवस, भर दुपार, उघड्यावर स्टेज. दुसऱ्या अंकात मी मरते आणि नवरा शेजारी बसून रडतो, असा सीन. नवऱ्याचं काम करणारा आजारी पडला म्हणून सर स्वतः उभे राहिले होते. वर ताडपत्री होती, पण अर्ध्याच स्टेजवर. आणि मी मेले ती नेमकी ताडपत्री संपते तिथं!

ऊन असं, की पापण्या मिटल्या तरी आतून लाल दिसत होतं. सर रडताहेत, रडताहेत, त्यांचं स्वगत काही संपत नाही. तेवढ्यात अंगावर सावली आली. मला वाटलं, ढग आला.

ढग कुठला! समोर कांदे विकायला बसलेली एक बाई छत्री घेऊन सरळ स्टेजवर चढली होती.

"मेल्यालं मानूस हाय म्हनून उनात टाकायचं व्हय रं?"

सर रडायचे थांबले. बाई माझ्या उशाशी मांडी घालून बसली, छत्री धरून. सरांना काय करावं कळेना, त्यांनी आपलं परत रडायला सुरुवात केली.

"रडतूस काय नुस्ता! पानी पाज की तिला. बघ, प्वाट हलतंय! जित्ती हाय अजून!"

झालं! मागून कुणीतरी ओरडलं, "जीप काढा रे, दवाखान्यात न्या!"

सर माझ्यावर पडून रडल्यासारखं करत कानात म्हणाले, "नले, श्वास घेऊ नको."

मी म्हटलं, "सर, मग खरंच जाईन!"

* * *

रिटायर व्हायला दोनेक वर्षं असताना सिरियलमध्ये काम मिळालं. रजा टाकायची, बसमध्ये आंबायचं, मुंबईला उतरून थेट सेटवर. मराठवाड्यातली आई हवी होती त्यांना. म्हटलं, चला, आपण तर आयत्याच आहोत.

पहिलं वाक्य बोलले. दिग्दर्शक माझ्या भाच्याच्या वयाचा. म्हणाला, "मॅडम, मराठवाडा वाटत नाहीये."

"अहो, मी तिथलीच आहे."

"हो, पण तसं वाटत नाहीये."

भाषा शिकवायला त्यांनी पुण्याचा एक मुलगा ठेवला होता. गुणी होता बिचारा. तो मला प्रत्येक वाक्यात दोनदा 'लई' घालायला शिकवायचा. चहासुद्धा 'लई लई गरम'. मी मुकाट्यानं शिकले. त्या वयात भांडायला अंगात जोर लागतो, आणि तो सगळा बसप्रवासात गेलेला.

लंच ब्रेकमध्ये आईचा फोन आला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून मी कोपऱ्यात उभी राहून ओरडत होते. "व्हय गं, जेवले! नाय, पोळी नव्हती, भात व्हता! तू गोळी घेतलीस का? मग घे की! तिथंच हाय, फ्रीजवर!"

फोन ठेवला तर मागं दिग्दर्शक उभा. डोळे चमकत होते त्याचे.

"मॅडम! हेच! हेच पाहिजे मला! असंच बोला!"

मी खूप प्रयत्न केला. नाही जमलं.

त्याला म्हटलं, "बाळा, त्यासाठी पलीकडं आई लागते."

* * *

त्या सिरियलमध्ये मला लवकरच मारून टाकलं. पण फोटो ठेवला भिंतीवर, हार घालून. हिरो रोज त्या फोटोशी बोलायचा. मी घरी, माझा फोटो कामावर! इतकं नाव मला जिवंत असताना कधी मिळालं नव्हतं.

रिटायर झाल्यावर पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले, तर काउंटरवरची मुलगी माझ्याकडं बघतच राहिली.

"अगं बाई! मॅडम, तुम्ही तर वारलात ना?"

"सोमवार ते शनिवार," मी म्हटलं. "आज मंगळवार आहे खरा, पण तेवढं सांभाळून घ्या."

लाईनीतले सगळे हसले. मीही हसत हसत घरी आले आणि आईला सांगितलं. ती हसली नाही.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज संध्याकाळी सिरियल लागली की आई मला हाक मारायची. भाजी गॅसवर असो की दार वाजत असो, "आधी इथं ये" म्हणायची. मी बसले की माझा हात घट्ट धरायची. टीव्हीत हार घातलेला फोटो दिसायचा, हिरो रडायचा, आणि आई माझी बोटं एकेक करून दाबत राहायची. मला वाटायचं, तिला एकटीला करमत नाही.

मी म्हटलं, "आई, बघू नको ना मग ही सिरियल."

तर म्हणाली, "मी नाय बघितली तर तुझ्याकडं लक्ष कोण ठेवणार तिथं?"

* * *

आणि स्टेज कसं सुटलं? तेही सांगते.

तेच म्हातारीचं नाटक. शेकडो वेळा म्हटलेलं वाक्य. तोंड उघडलं आणि आत काहीच नाही! रिकामं! समोरची मुलगी डोळ्यांनी खुणा करतेय. विंगेत सर पुस्तकाची पानं उलटताहेत, त्यांनाही सापडेना. थिएटरमधल्या पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

आणि तिसऱ्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "दाराला कडी लावू नकोस गं..."

माझंच वाक्य! मी ते पकडलं आणि पुढं निघाले.

प्रयोगानंतर एक आजोबा रंगपटात आले. कोट, मफलर. म्हणाले, "मॅडम, हे नाटक मी अकरा वेळा पाहिलंय. बायको होती तेव्हा दोघं यायचो. पण आता मुलगा मला बेंगलोरला घेऊन चाललाय." मग फार काळजीनं म्हणाले, "पुढच्या प्रयोगाला तुमचं कसं होणार?"

मी सरांकडं बघितलं. सर माझ्याकडं. पुढचा प्रयोग आम्ही लावलाच नाही.

* * *

त्यानंतर मी तोंडाला रंग लावला तो एकदाच.

आमच्या गल्लीत रंजना नावाची नर्स भाड्यानं राहते. मूळची देवगाव रंगारीची, घरचे मेंढरं राखणारे. एक दिवस सकाळीच आली आणि दारातच रडायला लागली. तिची आजी अंथरुणाला खिळलेली. हार्ट एकदम वीक. आजीची धाकटी बहीण सखू दोन महिन्यांपूर्वी तिच्या सासरी वारली होती. धक्का बसेल म्हणून आजीला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आता आजीनं जेवण सोडलं होतं. म्हणत होती, सखूला आणा, मग खाते.

"ताई, तुम्ही टीव्हीत दिसलात की आजी म्हणायची, ही तर आमची सखूच! एकदा चला ना."

मी सरळ नाही म्हटलं. म्हटलं, "रंजना, नाटकाला आलेल्या माणसाला माहीत असतं, हे नाटक आहे म्हणून. हे फसवणं झालं. आणि मी दमलेय गं आता."

ती म्हणाली, "चार दिवस झाले. नुसत्या पाण्यावर आहे."

मग मी हनीफभाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गोंदण किधर था बोलो."

कपाळावर आणि उजव्या मनगटावर. थरथरत्या हातानं त्यांनी ते हिरवे ठिपके काढले, तासभर लावून. रंजनाला मी सखूबद्दल खोदून खोदून विचारलं. बसायची कशी, बहिणीला हाक काय मारायची, हसायची कशी. तिला जेवढं आठवत होतं तेवढं तिनं सांगितलं. नऊवारी लुगडं नेसले आणि दुपारी देवगावला पोचलो. हनीफभाई गाडीतच बसले.

ओसरीवर खाटेवर आजी पडलेली. डोळ्यांत मोतीबिंदू. मी उशाशी बसले.

"आक्का, मी आले."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, गाल, हनुवटी. बराच वेळ.

"लई दिस लावलंस गं."

"चालवत नाय आक्का आता. दमले."

हे वाक्य मी ठरवलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली, "मी बी दमले."

रंजनानं ताटलीत दूध-भाकरी कुस्करून आणली. मी घास केला, तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड उघडलं. मग दुसरा, तिसरा. दारात रंजना पदर तोंडात कोंबून उभी. आजी चावता चावता माझ्या हाताकडं एकटक बघत होती. मला वाटलं, गोंदण बघतेय. मी मनगट जरा पुढं केलं, नीट दिसावं म्हणून.

अख्खी भाकरी खाल्ली तिनं. मग लहानपणी नदी उतरताना वाहून गेलेल्या कोकराची गोष्ट सांगितली, मध्येच थांबून, दम घेऊन. मी "व्हय आक्का, व्हय आक्का" म्हणत राहिले. उन्हं कलल्यावर म्हटलं, "निघते आता." पाया पडायला वाकले, तर तिनं माझी मान धरून कान तोंडाशी ओढला. रंजनाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली,

"लई चांगलं केलंस बाय. पर आमची सखू डावऱ्या हाताची व्हती."