काकांचा चेहरा आणि रामनगरवाल्याची लाल रेघ

सगळ्यात आधी कबूल करून टाकतो. काकांचा दुसरा डोळा मी काढलाच नव्हता. एक डोळा, त्यांचा उजवा, आठ दिवस मन लावून काढला. पापणीचे केस, बुबुळात पडलेली खिडकीची चमक, खालच्या सुरकुत्या, सगळं. दुसऱ्याची पाळी आली तेव्हा मात्र कंटाळा आला. टॅबलेटवर चित्र काढणाऱ्याला एक सोय असते. काढलेल्या गोष्टीची नक्कल करायची, आरशातल्यासारखी उलटवायची आणि पलीकडे चिकटवायची. मी चिकटवली. पाच मिनिटांत काकांना दोन डोळे झाले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. जन्म काशीतल्या दुर्गाघाटावरचा, आणि सगळं आयुष्य देशावरून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, तर्पणं चालवण्यात गेलेलं. त्यांना एक्क्याऐंशीवं लागलं, तेव्हा घरात सहस्रचंद्रदर्शनाची शांत करायचं ठरलं. मांडव कुठे, ब्राह्मण किती, पुरण की श्रीखंड, अशी चर्चा चालू असताना मी मध्येच जाहीर केलं, "काकांचं मोठं पोर्ट्रेट मी करतो." मला कुणी विचारलं नव्हतं. मी बँकेत नोकरी करतो, चित्रकला शिकलो ती फोनवरचे व्हिडिओ बघून. त्याआधी मी फक्त आमच्या शाखेच्या मॅनेजरसाहेबांचा चेहरा काढला होता. तो बघून त्यांनी विचारलं होतं, "ये कौन साहब हैं?"

आमचा एक ग्रुप आहे. बनारसमधले डिजिटल चित्रं काढणारे चाळीसएक जण त्यात आहेत. कॉलेजची मुलंमुली, एक दातांचे डॉक्टर, दोन गृहिणी आणि मी. ग्रुपची रीत अशी, की चित्र टाकलं की नुसतं वाहवा म्हणायचं नाही. ज्याला चूक दिसेल त्याने त्या चित्रावरच लाल रेघ मारून दाखवायची. नाक लांब असेल तर नाकावर, हनुवटी सरकली असेल तर हनुवटीवर. मी सगळ्यांच्या चित्रांवर लाल रेघा मारत असे, आणि माझ्या चित्रावर कुणी मारली की मला दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

त्यात हा रामनगरवाला. गंगेपलीकडचा एवढीच माहिती. फोटोच्या जागी पिवळं फूल, बोलणं कमी. पण त्याची लाल रेघ पडली की विषय संपला. पोरी हात जोडल्याचं चित्र पाठवत. दातांचे डॉक्टर एकदा म्हणाले, "इनकी एक लाइन, हमारी दस सिटिंग." माझ्या नऊ चांगल्या सूचनांना कुणी अंगठासुद्धा दाखवला नव्हता.

काकांचं चित्र मी ग्रुपवर टाकलं. उघडं अंग, डाव्या खांद्यावर जानवं आणि उपरणं, घाटावरच्या सकाळचा प्रकाश. खाली लिहिलं, "चेहरे पर बताइए, बेझिझक." बेझिझक हा शब्द लिहायला नको होता.

पहिली काही उत्तरं सभ्य होती. "बढ़िया है, थोड़ा जमा हुआ लग रहा है." "पासपोर्ट जैसा." मग रामनगरवाला उगवला. एकच ओळ.

"भइया, दूसरी आँख भी बना लीजिए."

चाळीस जणांत हे ओळखलं फक्त त्याने. मी लिहिलं, "बनाई है." तो म्हणाला, "चिपकाई है." त्यावर बारा जणांनी हसरे चेहरे पाठवले. त्यातल्या तिघांना मी स्वतः ग्रुपमध्ये आणलं होतं.

दहा मिनिटांनी त्याने माझ्याच चित्रावर काम करून पाठवलं. लाल रेघ नव्हे, थेट रंगवून. काकांची डावी भुवई जराशी वर, डावा डोळा किंचित बारीक, आणि ओठाचा त्याच बाजूचा कोपरा खाली. एवढंच. आणि काका जिवंत झाले. समोरच्याने मंत्रातला स्वर चुकवला की ते असेच बघतात. चुकणाऱ्याला रागावत नाहीत, नुसती एक भुवई उचलतात, आणि तो माणूस पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागतो. ही भुवई मी लहानपणापासून खात आलोय. त्या माणसाने काकांना कधी पाहिलंही नव्हतं.

बायको मागून डोकावली. "अहो, हे तर हुबेहूब काका. कधी केलंत?"

"मी नाही केलं."

"तेच म्हटलं," ती म्हणाली, आणि कणीक भिजवायला निघून गेली.

त्या रविवारी मी रामनगरला गेलो. बायकोला सांगितलं, बाजारातून बरी वांगी आणतो. खरं तर मला तो बघायचा होता. माझ्या डोक्यात दाढी वाढवलेला, कला शिकलेला, माज असलेला कुणी पोरगा होता. तसा असता तर सोपं गेलं असतं. दातांच्या डॉक्टरांकडून त्याचा पत्ता मी आडून आडून काढला होता. पूल ओलांडून, बाजारात विचारत पोचलो, तर बोर्ड रंगवायचं दुकान. आत माझ्यापेक्षा वयाने मोठा, पोट सुटलेला, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला माणूस, तडा गेलेल्या टॅबलेटवर लग्नपत्रिकेसाठी गणपती काढत बसलेला. सोंडेचं वळण त्याने एका झटक्यात घेतलं. खोडलं नाही, पुसलं नाही. आता तरी खोडेल म्हणून मी दारातच वाट बघत राहिलो.

"कहिए भइया?" त्याने विचारलं.

ओळख द्यायची नव्हती. काहीतरी मागायला हवं होतं, आणि समोर भिंतीवर नमुने टांगलेले होते. मी पहिल्या नमुन्याकडे बोट केलं. अर्ध्या तासाने 'कुत्ते से सावधान' असा सुंदर बोर्ड बगलेत घेऊन मी पुलावरून परत येत होतो. आमच्याकडे कुत्रा नाही. वांगी आणायची राहून गेली. बायकोने बोर्ड वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचे दोन दिवस मी घरात आलो की ती मुलीला सांगायची, "सावध गं, आले."

पुढे तीन आठवडे मी स्वतःच्या हिमतीवर तो दुसरा डोळा काढत होतो. भुवई वर घेतली की काका दचकल्यासारखे दिसत. खाली घेतली की झोपेतले. ओठाचा कोपरा खाली नेला तर आम्लपित्त झाल्यासारखे. एक दिवस तर ते सरळ आमच्या मॅनेजरसाहेबांसारखे दिसायला लागले. रामनगरवाल्याचं चित्र मी फोनमध्ये वेगळं ठेवलं होतं. बँकेत काउंटरखाली धरून दिवसातून सात-आठ वेळा बघत असे. आपल्याच काकांचा चेहरा दुसऱ्याला जास्त येतो, हे मला सहन होत नव्हतं.

शांत पाच दिवसांवर आली, तेव्हा मी हार मानली. म्हणजे चोरी केली. त्याचा डोळा, त्याची भुवई, त्याचा ओठ, सगळं माझ्या चित्रात उतरवून घेतलं. पण ग्रुपवर टाकलं असतं तर चाळीस जणांनी ओळखलं असतं. तेव्हा मला एक युक्ती सुचली. तिचा मला दीड दिवस फार अभिमान होता.

चेहरा वाकडा झालाय का हे तपासायला आम्ही लोक चित्र आरशासारखं फिरवून बघतो. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. चूक लगेच दिसते. मग परत सुलट करायचं. मी फिरवलं आणि सुलट केलंच नाही. आता उचललेली भुवई उजवीकडे गेली. रामनगरवाल्याने डावी केली होती, माझी उजवी. कोण म्हणेल त्याची म्हणून? कोपऱ्यात मी झोकदार सही ठोकली.

बायकोने बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. पण काहीतरी वेगळं वाटतंय हो."

"कलेत तसं वाटतं," मी म्हटलं.

ग्रुपवर टाकलं. "कमाल." "भइया, आँख अब बोल रही है." डॉक्टरांनी हात जोडले. मला, प्रथमच. रामनगरवाल्याने सगळ्यांसमोर "बहुत सुंदर" लिहिलं, आणि मिनिटाभरात त्याचा वेगळा निरोप मला एकट्याला आला. पहिली ओळ दिसत होती, "भइया, एक बात कहें, बुरा मत मानिएगा." पकडलं, मी मनाशी म्हटलं. आता म्हणेल, आँख हमारी है. मी निरोप उघडला नाही. चित्र छापायला दिलं.

शांतीचा दिवस. सकाळपासून होम, मंत्र, धूर. दुपारी काकांना पाटावर बसवून एक्क्याऐंशी दिव्यांनी औक्षण झालं. अकरा वैदिक समोर ओळीने बसलेले. मग बायकोने मला डोळ्याने खूण केली आणि मी पुढे होऊन चित्रावरचं रेशमी वस्त्र ओढलं.

टाळ्या झाल्या नाहीत. समोरच्या ओळीतले एक म्हातारे गुरुजी पुढे वाकले. शेजारच्यांनी त्यांच्या कानात काही सांगितलं. कुणीतरी खोकल्याआड हसलं. मला वाटलं, इतकं हुबेहूब आहे की माणसं गडबडली.

काका उठले, जवळ गेले, चष्मा वर केला. बराच वेळ चेहऱ्याकडे पाहिलं.

"चेहरा फर्मास," ते म्हणाले. "रोज आरशात दिसतो, अगदी तोच. पण बाळ, आज माझं औक्षण आहे ना?"

"हो काका."

"मग या चित्रात मी तर्पण कुणाचं करतोय?"

तेव्हा मी बघितलं. जानवं उजव्या खांद्यावर. उपरणं उजव्या खांद्यावर. ज्या माणसाने जन्मभर लोकांना सांगितलं, की जानवं डाव्या खांद्यावर ठेवायचं, उजव्यावर घ्यायचं ते फक्त पितरांच्या कामाला, त्याच माणसाला मी त्याच्या मंगल दिवशी, अकरा वैदिकांपुढे, चार फूट उंचीचा अपसव्य करून उभा केला होता. तीन आठवडे मी त्या चेहऱ्यात बोटभर जागेत राहिलो होतो. मानेखाली उतरलोच नव्हतो. तसं माझं स्वतःचंही जानवं कुठल्या खांद्यावर आहे हे मला अंघोळीच्या वेळीच कळतं.

म्हाताऱ्या गुरुजींना माझी दया आली. "छापणाऱ्याने उलटं छापलं असेल," ते म्हणाले.

"हो ना," मी घाईने म्हटलं. "छापणाऱ्याचीच चूक."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. भुवई वर गेली. डावी.

"मग कोपऱ्यातली तुझी सही सुलट कशी?" त्यांनी विचारलं.

आता मात्र अकराच्या अकरा वैदिक मोकळेपणी हसले. बायको स्वयंपाकघरात गेली, आणि तिथूनही हसण्याचा आवाज आला. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सुलट करून आण. घाई नाही, मी आहे अजून."

पंगत उठल्यावर मी जिन्यात बसून तो निरोप उघडला. "जनेऊ दाहिने कंधे पर चला गया है. पूजा-पाठ वाले घर में लोग टोकेंगे. फ्लिप वापस कर लीजिए." चोरीबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं होतं तो माझ्यासारखा असेल. तो तसा नव्हता, आणि याचाही मला हेवाच वाटला.

चित्र सुलट केलं. जानवं जागेवर आलं, उपरणं जागेवर, भुवई डावीकडे. सगळं सरळ झालं, उलटी झाली ती फक्त माझी सही. ती पुसायला घेतली आणि पुसता पुसता हात थांबला. आता त्या चेहऱ्यात कुणाची भुवई आहे, हे ग्रुपमधल्या कुणालाही दिसणार होतं. मी तीनदा लिहून तीनदा खोडलं. शेवटी पाठवलं, "चेहरा रामनगर वाले भाई साहब का, बाकी मेरा." पाठवून फोन उशीखाली ठेवला, जणू तो ओरडणार होता.

उत्तर आलं, "अरे नहीं भइया, चेहरा आपका है, हमने तो बस ज़रा छुआ था. कान आधा अंगुल नीचे कर लीजिए."

मोजलं. कान खरोखर अर्धा बोट वर होता. खाली केला. सही पुन्हा केली, यावेळी लहान. काकांना नवं चित्र फारसं आवडलेलं नाही. त्यांना आरशातलेच काका ओळखीचे. "चेहरा पहिलाच बरा होता," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि मी ते जवळ उभा राहून ऐकतो.

गेल्या महिन्यात रामनगरवाल्याने एक दुर्गा टाकली. मी ती दोन दिवस उलटसुलट करून पाहिली आणि एका हाताचा अंगठा लांब सापडला. लाल रेघ मारली. "सही पकड़े भइया," तो म्हणाला, आणि पाच मिनिटांत अंगठा सुधारून टाकला. तेवढ्याने ते चित्र आधीपेक्षा इतकं चांगलं झालं, की माझी संध्याकाळ वाया गेली.