बिनखिडकीची खोली

१४ डिसेंबर. टाकी धुवायची होती. चाकणला कंपनीत जाणाऱ्यांना मी पाच खोल्या भाड्याने देते. त्यातल्या एकीतून धूर आला, म्हणून डोकावले. आजी तान्ह्या नातवाला न्हाऊ घालून ओवा-वेखंडाची धुरी देत होती.

"आजी, बाळ खोकतंय. धूर कशाला?"

"खोकतंय म्हणूनच! तुमी आपली टाकी धुवा."

मी दुपटं सोडलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. बाळाला आणि त्याच्या आईला रिक्षात घालून दवाखाना गाठला. ऑक्सिजन लागला.

"न्यूमोनिया आहे. घरात धूर कोंडतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

कोंडणारच. एक खोली जास्त बसावी म्हणून मीच तिला खिडकी ठेवली नव्हती. संध्याकाळपर्यंत बाळ दूध प्यायला लागलं.

१५ डिसेंबर. सकाळी गवंडी बोलावून भिंत फोडून घेतली.